ज्येष्ठ बायकांची हालचाल मोजायला फारसीत तपासलेली प्रश्नावली सोलापुरात चालेल का?

फिजिओ_सोलापूर:
नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या साठीपुढच्या बायकांची हालचाल मोजायची आहे. शोधताना इराणमधलं काम सापडलं. १९९३ सालची 'पेस' ही अमेरिकन प्रश्नावली तिथे फारसीत आणून ज्येष्ठांवर तपासून घेतली आहे. मागच्या सात दिवसांतलं चालणं, घरकाम, बागकाम, दुसऱ्याची काळजी, पगारी काम असं विचारतात आणि प्रत्येकाला ठरावीक गुण असतात.

माझं अडतंय ते विडीपाशी. एका आजींच्या घरी बसले होते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. बोलता बोलता पान वळलं, दोरा बांधला, दुसरं पान हातात. संध्याकाळपर्यंत हेच. आणि 'पेस'मध्ये बसून, नुसते हात हलवून केलेल्या कामाला शून्य गुण! मन मानत नाही.

जनआरोग्य:
ताई, ते शून्य राहू द्या. कष्ट आहेतच, पण ही प्रश्नावली कष्ट मोजत नाही, शरीराची हालचाल मोजते. तासन्‌तास मांडी घालून बसणं हीच त्यांच्या गुडघ्या-कमरेची तक्रार असेल, तर ते शून्यच तुमच्या कामाचं आहे. कारखान्यात विड्या द्यायला चालत जातात ना? ते चालण्यात धरा. नातवंडं सांभाळतात? त्याचे ३५. हलकं घरकाम २५, जड २५. मात्र घरकामाला फक्त हो किंवा नाही. रोज झाडणारी आणि एकदाच झाडणारी, दोघींना तेवढेच गुण. मला खटकतं ते हे.

घरकुलवाला:
आमच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, म्हणून सांगतो. पाण्याचं विचारा की! नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरी, बादल्या, पिंप, सगळं तीच भरणार, वरच्या मजल्यावर नेणार. तुमच्या प्रश्नावलीतलं लॉन कापता का असं विचारलं तर ती तोंडाकडे बघत बसेल. आणि मराठीत विचारू नका. घरात आम्ही तेलुगूच बोलतो.

फिजिओ_सोलापूर:
दादा, पाण्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जड घरकामाच्या उदाहरणांत घालते. पण मग फारसीतली तपासणी मला लागू होईल का?

जनआरोग्य:
नाही. त्यांचा निकाल त्यांच्या लोकांपुरता. उचलायची ती रीत: दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याकडून परत मूळ भाषेत उलट भाषांतर, मग थोड्या आजींना विचारून बघायचं, काही दिवसांनी त्यांनाच पुन्हा. गुण जुळतात का पाहा. सोबत कमरेला हालचालमापक किंवा खुर्चीतून उठून चालण्याची चाचणी ठेवा. 'आयपॅक' या हालचालीच्या दुसऱ्या प्रश्नावलीच्या नादी लागू नका, ती १५ ते ६९ वयासाठी आहे. तेलुगू प्रत आधी करा.

फिजिओ_सोलापूर:
तेलुगू बोलणारी एक मैत्रीण आहे, तिला आजच विचारते. घरकुलवाले दादा, तुमच्या आईंना पहिले प्रश्न विचारायला आले तर चालेल का?

घरकुलवाला:
या की. पाण्याचा दिवस सोडून या.