मदत हवी आहे: जाळीच्या लाकडी पुलाचं मॉडेल, पट्ट्या चिरतायत

नमस्कार मंडळी, मी वाईचा. लेकीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुन्या छपराच्या लाकडी पुलाचं मॉडेल करायचंय, अमेरिकेत असायचे ना तसला. तिने इथिएल टाऊन या अमेरिकन आर्किटेक्टची रचना निवडलीय, 1820 सालचं पेटंट. भारी गोष्ट अशी की त्यात अवजड तुळया नाहीत, साध्या फळ्या तिरक्या एकमेकींवर टाकून जाळी करायची आणि प्रत्येक फुलीवर लाकडी खुंटी ठोकायची, त्यामुळे गावचे सुतार पण असा पूल उभा करू शकायचे. कनेक्टिकट नदीवरचा जाळीचाच एक पूल 1866 पासून उभाय, साधारण 450 फूट लांब!! आणि छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून नाही तर जाळीचं लाकूड पावसानं कुजू नये म्हणून, हे मला आत्ता कळलं, आपल्याकडचे ओढ्यावरचे साकव उघडेच असायचे म्हणून दर एक-दोन वर्षांनी नवे घालावे लागायचे.

तर अडलंय इथे. सागाच्या 3 मिमी पट्ट्या घेतल्या, भोक पाडलं की टोकाकडे चिरतातच. खुंट्या बांबूच्या करू की बाभळीच्या? फेविकॉल लावायचा नाहीये, लेकीचा हट्ट आहे आणि मला तो पटतो. शिवाय मध्ये थोडा वर उचललेला बाक ठेवायचाय, तो जाळी जोडतानाच द्यायचा का नंतर?

साताऱ्यात किंवा सांगलीत बारीक पट्ट्या कापून देणारी वखार माहीत असेल तर प्लीज सांगा, पुढच्या सोमवारी सबमिशन आहे.