क्रूझ झकास, पण विमानतळावरची गाडी? अनुभव लिहा

ठाणेकरीण

क्रूझच्या सहलीवर लिहायला बसलं की सगळे बुफे, बाल्कनीची केबिन आणि डेकवरच्या फोटोंवरच रेंगाळतात. विमानतळ ते बंदर आणि बंदर ते विमानतळ या दोन तुकड्यांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. भांडणं मात्र तिथंच होतात. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, विमान तर नाहीच नाही, आणि मधली गाडी ज्याच्या हातात असते तो माणूस तुम्ही जन्मात पाहिलेला नसतो.

सुरुवात मी करते. रोमहून क्रूझ होती. रोमचं म्हणून सांगतात ते बंदर म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून चांगलं सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. फ्युमिचिनोला, म्हणजे रोमच्या विमानतळावर, उतरून गाडीने थेट बंदर गाठायचं होतं. सासूबाईंसाठी व्हीलचेअर होती, म्हणून ट्रेनचा विचारच केला नाही, इथल्या एजन्सीकडूनच खासगी गाडी घेतली. व्हीलचेअर यायला वेळ लागला, पासपोर्टच्या रांगेत वेळ गेला. बाहेर आलो तर नावाची पाटी घेतलेले पन्नास जण, आमच्या नावाची पाटी कुठेच नाही. व्हाउचरवरचा नंबर लागेना. एजन्सीची 'चोवीस तास हेल्पलाइन' उचलली गेली तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅम, ड्रायव्हर थांबून गेला, तुमचा नो-शो झालाय." म्हणजे आम्ही आलोच नाही अशी नोंद. शेवटी टॅक्सी केली, दीडशे युरोच्या आसपास गेले.

परत आल्यावर पत्रापत्री. त्यांचं म्हणणं, विमान उतरल्यावर साठ मिनिटं थांबायचं ठरलं होतं आणि ड्रायव्हर तेवढा थांबला. मी दाराबाहेर आल्या आल्या नवऱ्याचा आणि सासूबाईंचा फोटो काढला होता, मागे आगमनाचा बोर्ड, त्यावर वेळ. साठ मिनिटं व्हायला अजून अकरा मिनिटं बाकी होती! त्या फोटोनंतर भाषा बदलली, पण पैसे नाहीत, 'पुढच्या बुकिंगवर सूट'. मी म्हटलं, पुढचं बुकिंग तुमच्याकडे करणार कोण? मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. ती कंपनीकडे गेली आणि ट्रान्सफरचे, म्हणजे त्या न मिळालेल्या गाडीचे, पैसे परत आले. टॅक्सीचा वरचा भुर्दंड नाही मिळाला.

आता तुमचं येऊ द्या. कंपन्यांची नावं मात्र नकोत, धागा उडेल.

हडसनकाठ

आईबाबा साताऱ्याहून आले होते, त्यांना पोर्ट कॅनाव्हरलची क्रूझ करून दिली. ऑर्लँडो विमानतळ ते बंदर साधारण सत्तर किलोमीटर, म्हणून क्रूझ कंपनीचीच बस घेतली. महाग, डोईगणिक पैसे, पण म्हटलं वयस्कर माणसं आहेत, जबाबदारी एकाकडे राहील.

ऑर्लँडोला २०२२ मध्ये टर्मिनल सी नवीन सुरू झालं. आईबाबांचं विमान तिथं उतरलं आणि कंपनीचा माणूस जुन्या इमारतीत. बाबांनी हुडकत हुडकत गाठलाच त्याला. त्याच्या टॅबवर यांचं नावच नाही. "फ्लाइटची माहिती दिलेली नाही, त्यामुळे यादीत नाही." बसमध्ये जागा दिसत होत्या, तरी घेतलं नाही. बाबांचं इंग्रजी उत्तम आहे, पण कॉलर धरायची सवय नाही. मी इकडून फोनवरून टॅक्सी करून दिली.

कंपनीशी चॅट केलं तर पहिल्या बाईंनी माफी मागितली, दुसऱ्यांनी 'तपासतो' सांगितलं, तिसऱ्यांनी थेट हात वर केले: बस चालवणारी संस्था वेगळी आहे, तिकिटाच्या करारात तसं लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं असतं. पण पैसे घेतले कोणी? तुम्ही. माझ्याकडे ऑनलाइन चेक-इनचा स्क्रीनशॉट होता, त्यात फ्लाइट नंबर ठळक दिसत होता. तरीही बिलात काही बदल होईना, तेव्हा क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवला. इथे अमेरिकेत १९७४ चा कायदा आहे. न मिळालेल्या सेवेचे पैसे लावले तर स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांत लेखी कळवायचं. चॅट आणि स्क्रीनशॉट जोडले. बँकेने रक्कम परत वळती केली.

एक निरीक्षण: चॅटवरची माणसं कमालीची गोड बोलतात आणि त्यांच्या हातात काही नसतं. 'केस नंबर' मागितला की गोडवा जरा कमी होतो आणि काम पुढे सरकतं.

उरण_फाटा

डिट्टो. फक्त शहर दुबई. तिथे क्रूझची बंदरं दोन, पोर्ट रशीद आणि दुबई हार्बर. ड्रायव्हरने एकावर नेलं, जहाज दुसऱ्यावर. "क्रूझ बोला, इधर ही आता है सब." वरचे पैसे रोख घेतले, पावती नाही. पावती नाही म्हणून एजन्सी देत नाही. विषय संपला.

गाडीवान_दादर

मी या धंद्यात, ट्रॅव्हल एजन्सीत, आहे, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय.

ग्राहकाला वाटतं, आमच्याकडे गाड्या आहेत. आमच्याकडे एकही गाडी नाही. आम्ही डीएमसीला, म्हणजे तिकडच्या ठोक व्यावसायिकाला, सांगतो. तो त्याच्या गाडीवाल्याला, आणि सीझनमध्ये तो गाडीवाला आणखी दुसऱ्याला. शेवटच्या माणसापर्यंत जातं ते एवढंच: नाव, फ्लाइट नंबर, माणसं किती, फोन. यातलं एक जरी चुकलं की बोंब. कुलकर्णींचं 'कुलकरानी' झालेली पाटी मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती बघून समोरून सरळ निघून गेलेले कुलकर्णीसुद्धा.

नो-शोचं असं असतं की ड्रायव्हर रिकाम्या हाताने परत जात नाही. आगमनाच्या दाराशी पाटी धरून फोटो काढतो, तुमच्या नंबरवर फोन करतो, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घेतो आणि वर पाठवतो. हा पुरावा आला की डीएमसी आमचे पैसे कापते. मग आम्ही तुम्हाला कुठून देणार? तुमचा भारतातला नंबर रोमिंगअभावी बंद असतो, त्यामुळे 'फोन लागला नाही' हे त्याचं म्हणणं खरंच असतं. विमानतळाच्या वायफायवरून त्याच नंबरला एक व्हॉट्सॲप टाका, 'पासपोर्टच्या रांगेत आहोत' एवढंच. त्या एका मेसेजने वाद उलटा फिरतो.

आणि बुकिंग करताना एसआयसी की प्रायव्हेट ते विचारा. एसआयसी म्हणजे सीट-इन-कोच. त्यात इतरांच्या विमानासाठी तुम्ही थांबायचं असतं. याच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात, आणि खरं सांगू का, त्यातल्या निम्म्या आमच्या सेल्सवाल्यांनी न सांगितल्यामुळे असतात.

ठाणेकरीण

@गाडीवान, प्रामाणिक लिहिलंत. पण "आम्ही कुठून देणार" हे ग्राहकाने ऐकून घ्यायचं कारण नाही. तुमचं आणि डीएमसीचं तुम्ही बघा ना.

गाडीवान_दादर

मान्य. ऑफिसात हे बोललो तर नोकरी जाईल.

टेम्सकाठचा_टोणगा

आमचं प्रकरण जरा लांबलचक आहे.

जाहिरातीत 'व्हेनिसहून' असं मोठ्या अक्षरांत. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी आपली जहाजं रावेन्ना किंवा त्रिएस्तेला हलवली. दोन्ही व्हेनिसपासून साधारण दीडशे किलोमीटर. आम्हाला पैसे भरल्यानंतर ईमेल आली की जहाज रावेन्नाहून सुटेल, काळजी नसावी, व्हेनिस विमानतळावरून मोफत बस आहे. शेवटची बस दुपारी एकला. आमचं विमानच उतरत होतं दीडला!

बायको म्हणाली, जाऊ दे, गाडी करू. मी पेटलो. कारण विमान आणि क्रूझ दोन्ही त्याच कंपनीकडून एकत्र घेतलेलं होतं. विमानाची वेळ त्यांनी ठरवलेली, बसचीही त्यांनीच. ब्रिटनमध्ये २०१८ चे पॅकेज प्रवासाचे नियम आहेत. पॅकेजमधली सेवा प्रत्यक्षात कोणीही पुरवो, जबाबदार पॅकेज विकणारा. हे एका परिच्छेदात लिहून पाठवलं, वर आमच्याच बुकिंगमधल्या दोन वेळा शेजारी-शेजारी टाकल्या. पहिलं उत्तर ठोकळेबाज: 'बसची वेळ बदलता येत नाही.' मी परत तेच पाठवलं, फक्त वर 'औपचारिक तक्रार' असं लिहिलं. इथे या दोन शब्दांना वजन आहे, फाइल वेगळ्या टेबलावर जाते. चार दिवसांनी खासगी गाडी मंजूर. काळी मर्सिडीज आली, पाण्याच्या बाटल्यांसकट. मुलांना वाटलं बाबा मंत्री झाले.

आता यातली मेख. आमच्याबरोबरच्या देशपांडे कुटुंबाने क्रूझ तीच घेतली, पण विमान स्वतः स्वस्तात काढलं. तेही दीडलाच उतरत होते. त्यांना उत्तर मिळालं, "तुमच्या विमानाच्या वेळेशी आमचा संबंध नाही." आणि कायद्याने ते बरोबरच होतं. मर्सिडीजमध्ये जागा नव्हती, ते ट्रेनने बोलोन्यामार्गे धापा टाकत आले. जहाजावर पहिले दोन दिवस आमच्याशी जरा तुटकच होते.

क्रेडिट कार्डाचं इथेही आहे, ब्रिटनचा वेगळा कायदा, तोही १९७४ चाच, त्यातलं कलम ७५. शंभर पौंडांच्या वरच्या आणि तीस हजारांपर्यंतच्या वस्तू-सेवेसाठी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार. मध्ये एजंट आला आणि पैसे त्याला दिले की तो धागा तुटू शकतो, एवढं बघा.

सड्यावरून

परदेश राहू द्या, आपल्या गोव्यात या. जहाज मुरगाव बंदरात लागतं. दाबोळी विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. पण जानेवारी २०२३ पासून मोपाहूनही विमानं सुटतात, आणि मोपा म्हणजे पार पेडण्यात, बंदरापासून जवळपास साठ किलोमीटर. बहिणीच्या पॅकेजमध्ये मुंबईहून जहाजाने यायचं आणि विमानाने परतायचं असं होतं. ट्रान्सफरच्या रकान्यात नुसतं 'गोवा एअरपोर्ट'. तिकीट मोपाचं, गाडी दाबोळीच्या हिशेबाने ठरवलेली. ड्रायव्हर वास्कोचा, त्याचं म्हणणं साधं: "मला दाबोळी सांगितलंय, मोपा पाहिजे तर वेगळं भाडं." त्याची काय चूक? मुंबईच्या एजंटाला फोन लावला, तो म्हणे, "गोव्यात दोन एअरपोर्ट आहेत?" यावर काय बोलणार, कपाळ! इथे ओला-उबर नाही, त्यामुळे ऐनवेळी घासाघीस करायलाही फारसा वाव नसतो. भाडं भरलं, पावती हाताने लिहून घेतली, गाडीचा नंबर आणि 'मुरगाव ते मोपा' असा उल्लेख करून. ती पावती आणि तिकीट एकाच मेलमध्ये पाठवल्यावर एजंटाने गुपचूप पैसे टाकले.

सॅकवाला

मला कळतच नाही, लोक ट्रान्सफर घेतात कशाला. फोर्ट लॉडरडेल विमानतळावरून पोर्ट एव्हरग्लेड्सची जहाजं दिसतात, इतकं जवळ. चार माणसांचे डोईगणिक पैसे भरण्यापेक्षा टॅक्सी करा. व्हँकुव्हरला विमानतळावरून मेट्रोत बसलं की पंचवीसेक मिनिटांत वॉटरफ्रंट, तिथून कॅनडा प्लेस चालत. ना पाटी, ना वाद.

हिमगौरी_सिएटल

@सॅकवाला, अलास्कात व्हिटियरला उतरा आणि मग सांगा. गावातून बाहेर पडायला रस्त्याने एकच वाट, अडीच मैलांचा बोगदा. एकच मार्गिका, त्यातून गाड्याही जातात आणि रेल्वेही, आणि दिशा आळीपाळीने बदलते. आमच्या बसचं सामान लागायला उशीर झाला, बोगद्याची आमची वेळ हुकली, पुढच्या वेळेपर्यंत बस तोंडाशी उभी. अँकरेजहून पुढचं विमान गेलं. बस क्रूझ कंपनीचीच होती. काउंटरवरचं उत्तर: बोगदा आमचा नाही. विमान कंपनीच्या बाईला दया आली, तिने फुकटात पुढच्या विमानात बसवलं. कंपनीकडून शेवटपर्यंत फक्त दिलगिरीची ईमेल. कायद्याचं काय ते सोडा, तो दिवस निव्वळ त्या बाईच्या स्वभावावर निभावला.

पेठेतला_ग्राहक

भारतातून बुकिंग केलेल्यांसाठी. एजन्सीच्या अटींत 'वाद आमच्या शहरातल्या न्यायालयातच' असं छापलेलं असतं आणि लोक तिथंच गळपटतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. मी स्वतः पुण्यात केली. सिंगापूरची गाडी आली नव्हती, रक्कम किरकोळ, पण त्यांचं पत्र उर्मट होतं. नोटीस गेल्यावर सुनावणीच्या आधीच तडजोडीला आले. घरचे म्हणत होते, एवढ्याशासाठी कशाला? पत्र वाचा म्हटलं.

नवखी_नाशिक

सिंगापूर वाचून पोटात गोळा आला. पुढच्या महिन्यात तीच क्रूझ आहे, आम्ही दोघं, आईबाबा आणि दोन मुलं. व्हाउचरवर 'चांगी ते क्रूझ सेंटर' इतकंच आहे. पुरेसं आहे का?

गाडीवान_दादर

नाही. सिंगापुरात दोन जागा आहेत. हार्बरफ्रंटला आहे ते सिंगापूर क्रूझ सेंटर, आणि मरिना साउथला आहे ते मरिना बे क्रूझ सेंटर. नावं इतकी सारखी की आमच्याकडचेही गोंधळतात. मोठी जहाजं सहसा मरिना बेला लागतात, पण अंदाजावर राहू नका. जहाजाच्या बोर्डिंग पासवर टर्मिनल लिहिलेलं असतं.

नवखी_नाशिक

पासवर मरिना बे आहे. एजन्सीला विचारलं. उत्तर आलं, "डोन्ट वरी मॅम, ड्रायव्हरला माहीत असतं."

गाडीवान_दादर

हे मेलवर आलंय ना, फोनवर नाही? मग त्याच मेलला उत्तर द्या. पासचा फोटो जोडा, 'टर्मिनल मरिना बे, माणसं सहा, बॅगा इतक्या, सुधारित व्हाउचर पाठवा' एवढंच लिहा. बॅगांचा आकडा विसरू नका. सहा माणसं आणि सहा मोठ्या बॅगा एका इनोव्हात बसत नाहीत, आणि दुसऱ्या गाडीचे पैसे कोणी द्यायचे यावर तिथं चांगीच्या दारात अर्धा तास जातो.