११८एनईच्या कन्सोलमध्ये ऑइल प्रेशर गेज बसवायचे आहे, सल्ला हवा

घाटवाट
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८९ सालची प्रीमियर ११८एनई आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आता ती माझ्या हाती आहे. फियाट १२४ची बॉडी आणि निसानचे ए-१२, ११७१ सीसीचे इंजिन ही जोडणी येथील अनेकांच्या परिचयाची असेल, त्यामुळे गाडीविषयी अधिक लिहीत नाही.

गेल्या महिन्यात पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचल्यावर, नाक्यावरच्या गर्दीत इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर सोडून नुसते चालू) असताना ऑइलचा लाल दिवा दोन-तीनदा लुकलुकला. गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले, प्रेशर स्विचही नवा बसवला. तरीही परतीच्या वाटेवर दिवा पुन्हा एकदा लागून विझला. तेव्हापासून गाडी चालवताना माझी नजर रस्त्यापेक्षा त्या दिव्यावरच अधिक असते. म्हणून गिअर लिव्हरच्या पुढच्या कन्सोलमध्ये ऑइल प्रेशरचे गेज आणि जमल्यास शेजारी व्होल्टमीटर बसवावा असा विचार आहे. कन्सोल कंपनीचा नाही. वडिलांनी नव्वदीच्या दशकात बाहेरून बसवून घेतला होता आणि त्यातला कॅसेट प्लेअर केव्हाच निकामी झाला आहे, त्यामुळे ती खाच मोकळीच आहे. गेज मेकॅनिकल घ्यावे की इलेक्ट्रिकल, खाचेत ते नीट बसेल का, आणि इंजिनाकडची जोडणी कोणाकडून करून घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

चौथा_गिअर
गेज विकत घेण्याआधी एक काम करावे. गॅरेजवाल्यांकडे प्रेशर तपासण्याचे मेकॅनिकल गेज असते. इंजिनावरचा स्विच काढून त्या जागी ते जोडायला सांगा, इंजिन पुरते तापू द्या आणि आयडलवर व मिनिटाला साधारण अडीच-तीन हजार फेऱ्यांवर प्रेशर किती येते ते लिहून घ्या. प्रेशर खरोखरच उतरत असेल, तर कन्सोलमधले गेज तुम्हाला तेच दुःख आकड्यांत दाखवील. दुरुस्ती पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा बेअरिंगची करावी लागेल. दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय (चौरस इंचावर दहा पौंड दाब) हा जुन्या मिस्त्रींचा ढोबळ हिशोब आहे. त्याला शास्त्र म्हणता येणार नाही, पण अंदाज बांधायला तो पुरतो.

प्रेशर ठीक निघाले, तर स्विचपासून डॅशबोर्डकडे जाणारी वायर हाताने चाचपत पूर्ण लांबी तपासा. हा स्विच प्रेशर पडले की वायर इंजिनाला टेकवतो, म्हणजे अर्थ करतो, आणि त्यामुळे दिवा लागतो. वायरचे आवरण कुठे घासून तांबे उघडे पडले असेल आणि आयडलवर इंजिन थरथरताना ते धातूला टेकत असेल, तरी दिवा अगदी तसाच लुकलुकतो. नवा स्विच बसवूनही तक्रार गेली नाही, यावरून माझा संशय वायरवर अधिक आहे.

आता मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल याविषयी. मेकॅनिकल गेजचा आकडा भरवशाचा असतो आणि त्याला वीज लागते ती फक्त दिव्यापुरती. परंतु त्यासाठी बारीक नळीतून इंजिनाचे गरम ऑइल दबावासह थेट प्रवासी कक्षात आणावे लागते. कन्सोल म्हणजे तुमच्या डाव्या गुडघ्याशेजारची जागा. तिथे नायलॉनची नळी तडकली किंवा तिचा जोड सुटला, तर पाय भाजेल, गालिचा कायमचा खराब होईल आणि त्या गडबडीत ब्रेकवरून पाय घसरेल तो वेगळाच. रेसच्या गाडीत तांब्याच्या नळीसह ते चालून जाते. घरच्या माणसांना घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत मी इलेक्ट्रिकलच बसवीन.

नानापेठ_फेरी
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या जुन्या जीपमध्ये मेकॅनिकल गेज बारा वर्षे होते आणि एक थेंबही गळला नाही. मात्र ते डॅशखाली पत्र्याच्या पट्टीवर होते आणि नळी तांब्याची होती, हे मान्य करतो. आपल्याला खर्च कमी ठेवायचा असेल, तर ऑइल, पाणी आणि ॲम्मीटर अशा तीन काट्यांचा तयार संच पट्टीसह मिळतो. तोच का घेऊ नये?

चौथा_गिअर
त्या संचातला ॲम्मीटर नको, एवढेच माझे म्हणणे आहे. ॲम्मीटरमधून चार्जिंगचा सगळा प्रवाह जावा लागतो. म्हणजे बॅटरीकडची जाड वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधल्या पत्र्यातून) आत आणायची, कन्सोलमध्ये दोन नटांवर आवळायची आणि परत बाहेर न्यायची, आणि ह्या पूर्ण वाटेवर बहुतेक वेळा फ्यूज नसतो. एखादा नट सैल झाला की प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. व्होल्टमीटरला केवळ इग्निशननंतरचा एक बारीक पुरवठा लागतो आणि त्याचे वाचनही सोपे असते: इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू गाडीत काटा तेराच्या खाली रेंगाळला तर अल्टरनेटर किंवा पट्टा पाहावा, पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर.

आट्यांचा_हिशोब
मी लेथचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा कामांपैकी निम्मी कामे आधी कोणीतरी बिघडवून ठेवलेली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निसानच्या ए मालिकेच्या इंजिनावर ऑइल स्विचचे आटे १/८ इंची बीएसपी (ब्रिटिश प्रमाण) टेपर, म्हणजे निमुळते, असतात, इंचाला २८ आटे. बाजारात मिळणाऱ्या व्हीडीओ (गेज बनवणारी एक कंपनी) पद्धतीच्या सेंडरचे, म्हणजे इंजिनावर बसून प्रेशर विजेच्या वायरीने गेजला कळवणाऱ्या भागाचे, आटे पुष्कळदा १/८ इंची एनपीटी (अमेरिकी प्रमाण) असतात, म्हणजे इंचाला २७, नाहीतर मेट्रिक एम-१० बाय १ असतात. सत्तावीस आणि अठ्ठावीस यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. चुकीचा सेंडर पहिले दोन-तीन फेरे गुमान आत जातो, मग अडतो, आणि नेमके तिथेच मिस्त्री पान्याला जोर देतो. त्यानंतर एकतर ऑइल झिरपत राहते किंवा ब्लॉकचे आटे जातात. आटे मोजण्याची पट्टी दोन मिनिटांत उत्तर देते. ती लावल्याशिवाय काहीही फिरवू नये. बाहेरून बीएसपी आणि आतून एनपीटी असा पितळी ॲडॉप्टर कोणताही चांगला टर्नर करून देईल.

दुसरी गोष्ट अशी की लाल दिव्याचा स्विच काढून त्या जागी सेंडर बसवू नका. पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही ठेवा. गेज गुडघ्याजवळ असणार, तिकडे आपण फार तर मिनिटा-दोन मिनिटांनी पाहणार. हायवेवर ऑइल गेले तर तेवढ्या वेळात बेअरिंगची वाट लागलेली असते. दिवा समोर असतो, तो आपल्याला बोलावतो. गेजकडे आपल्याला जावे लागते.

परंतु टी थेट ब्लॉकवर बसवून तिच्यावर डब्याएवढा सेंडर लटकवला, तर थरथरीने पितळी मान कालांतराने तडकते आणि सगळे ऑइल रस्त्यावर येते. म्हणून ब्लॉकपासून वीतभर लांबीचा, स्टीलच्या जाळीचा होज घ्यावा आणि टी, स्विच व सेंडर हे तिन्ही आतल्या मडगार्डवर पट्टीने पक्के करावेत. असे केल्यास सेंडरच्या आणि स्विचच्या बॉडीला इंजिनाचा अर्थ आपोआप मिळेलच असे धरू नये. टीला पकडणाऱ्या क्लिपखालून थिंबल (टोकाची धातूची कडी) लावलेली वेगळी वायर चॅसिसला द्यावी. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे गुंडाळण्याची सवयही सोडावी. टेपर आटे स्वतःच घट्ट बसतात, शिवाय टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत जाण्याची भीती असते ती वेगळी.

गेज आणि सेंडर एकाच जातीचे घ्यावेत, हेही सांगून ठेवतो. व्हीडीओचा सेंडर शून्य प्रेशरला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला सुमारे १८० ओहम दाखवतो. अमेरिकी पद्धतीचा सेंडर याच्या अगदी उलट, शून्याला २४० आणि पूर्णला ३३. यांची अदलाबदल झाली, तर इंजिन बंद असताना काटा पूर्ण प्रेशर दाखवतो, आणि प्रेशर खरोखर पडेल तेव्हा तो आनंदाने वर चढतो.

सुतारकी
इंजिनाविषयी वरच्या मंडळींनी लिहिलेच आहे, मी फक्त कन्सोलविषयी लिहितो. कार स्टिरिओची प्रमाण खाच १८२ बाय ५३ मिमी असते आणि सर्वसाधारण गेजचा मागचा डबा ५२ मिमीचा. म्हणजे गेज खाचेतून जेमतेम आत जाते, पण पुढची कडी खाचेपेक्षा मोठी असल्याने त्याला धरणारी पट्टी लागते. दोन मिमी ॲल्युमिनियमची किंवा तीन मिमी एबीएस प्लास्टिकची, खाचेपेक्षा थोडी मोठी पट्टी घेऊन तिला ५२च्या होलसॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) दोन भोके पाडावीत आणि पट्टी पुढून चार स्क्रूंनी बसवावी. रुंदीत तीन गेजही मावतात. तिसरी जागा तूर्त बंद ठेवा, पुढे तापमानाचे गेज घ्यायचे मनात आले तर उपयोगी पडेल. कन्सोल मूळचा नसला तरी तो कापू नये असे मला वाटते, कारण तीस वर्षे उन्हात तापलेले प्लास्टिक होलसॉ लागताच काचेसारखे तडकते. मात्र खाचेच्या कडा वेड्यावाकड्या असतील, तर कानस मारायला हरकत नाही.

भोके पाडण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी कापून, गेज त्यात खोवून प्रत्यक्ष बसून पाहा. गिअर पहिल्या आणि तिसऱ्यात टाकला की लिव्हर किंवा आपली बोटे गेजच्या कडीवर आपटतात का, मागे वायरींसह किती खोली उरते, आणि दुपारच्या उन्हात काचेत फक्त आकाश दिसते का, हे तिथेच कळते. पट्टीच्या मागे पाचर देऊन ती चालकाकडे थोडी कलती केली, तर वाचायला फार फरक पडतो. ऑइलचे गेज चालकाच्या बाजूला घ्यावे, व्होल्टमीटर पलीकडे.

घाटवाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौथा_गिअर यांचा संशय खरा ठरला. तपासणीच्या गेजवर तापलेल्या इंजिनाचे प्रेशर आयडलला १८ आणि अडीच हजार फेऱ्यांना ४५ पीएसआय आले. वायर मात्र ब्रॅकेटच्या कडेला घासून सोलली गेली होती. ती बदलली, स्लीव्ह घातली, आणि दिवा शांत झाला. तरीही गेज बसवायचे ठरवले आहे, कारण आकडा डोळ्यांना दिसत असला की मन निवांत राहते. पुरवठा कुठून घ्यावा, एवढे सांगावे.

चौथा_गिअर
काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. फ्यूज बॉक्समध्ये इग्निशन दिल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून एक चौरस मिमीची वायर घ्या आणि तिच्यावर तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज लावा. गेजच्या दिव्यांसाठी डॅशबोर्डच्या दिव्यांची वायर वापरा, म्हणजे पार्किंग लाइटबरोबर तेही लागतील. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट घातल्याशिवाय पुढे जाऊ नका; ब्रॅकेटने काय केले ते आपण नुकतेच पाहिले आहे. सगळे जोडून झाल्यावर इग्निशन द्या, पण इंजिन सुरू करू नका: ऑइलचा काटा शून्यावर आणि लाल दिवा लागलेला, ही दोन्ही चिन्हे दिसली पाहिजेत. काटा टोकाला गेला तर सेंडरची वायर तुटलेली आहे किंवा सेंडर दुसऱ्या जातीचा आहे.

घाटवाट
गेल्या रविवारी काम पूर्ण झाले. ॲडॉप्टर टर्नरकडून करून घेतला, पट्टी सुतारकी यांच्या मापाने ॲल्युमिनियमची केली. इग्निशनला काटा शून्यावर, तापलेल्या आयडलला १८च्या जवळ. एकच अडचण आहे: रात्री पार्किंग लाइट लावला की दोन्ही काटे जागेवरून हलतात, बंद केला की परत येतात. गेज सदोष असेल का?

आट्यांचा_हिशोब
गेज ठीक असावे. दिव्यांचा आणि गेजचा अर्थ तुम्ही एकाच वायरने, बहुधा कन्सोलच्या एखाद्या स्क्रूवर दिला असेल. तो जोड कच्चा असला की दिव्यांचा प्रवाह तिथे अडतो आणि गेजचा शून्यच सरकतो. गेजचा अर्थ वेगळ्या वायरने द्या आणि ती डॅशखालच्या पत्र्यावर, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा.

घाटवाट
तसेच होते. अर्थ कन्सोलच्या स्क्रूवर होता आणि त्या स्क्रूखाली जुना रंग तसाच होता. वायर वेगळी केली. आता दिवे लावले तरी काटे हलत नाहीत. काल पुन्हा पसरणी घाट चढून आलो.

सुतारकी
उत्तम. तिसऱ्या भोकाची जागा सोडली आहे ना?

घाटवाट
सोडली आहे. तापमानाच्या गेजचा सेंडर थर्मोस्टॅटच्या आधी, हेडमध्ये कुठे बसवता येईल ते पाहतो आहे. त्यासाठी वेगळा धागा काढीन.