सांझीचा कागद कापताना तुकडे गळतात, काय करू?

मथुरेच्या सांझीतला (कागद कापून केलेला रांगोळीसारखा छाप) मोर कापतेय, पण पिसाऱ्यातले डोळे कापले की मधला भागच गळून पडतो. साधा झेरॉक्सचा कागद आहे. काय चुकतंय?

> अगं मधल्या भागाला जोडणाऱ्या कागदाच्याच बारीक काड्या न कापता सोडायच्या, त्याच सगळी जाळी धरून ठेवतात. आतलं नाजूक काम आधी, बाहेरची कड शेवटी. आणि कागद जाड घे, तिकडचे कारागीर छोट्या टोकदार कात्रीने कापतात.

> पितृपक्षात वृंदावनच्या मंदिरात पाहिलंय, एकाच चित्रात रंगागणिक वेगळा छाप, वरून कोरडा रंग भुरभुरवतात आणि कागद अलगद सरळ वर उचलतात, जरा हलला तर कडा पुसते, बघताना माझाच श्वास अडकला होता.

काड्या सोडल्या, आता डोळे टिकले! थँक्यू.