शेतकरी असलेले आयरिश लोक अमेरिकेत शहरांतच का स्थिरावले?

प्रश्न : सागरवाट

नमस्कार. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळाविषयी सध्या मी वाचन करत आहे. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीच्या रोगांनी दगावली आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला, हे बहुतेकांना ठाऊक असते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. देश सोडणारे बहुसंख्य लोक खेड्यांत वाढलेले होते. अमेरिकेच्या पश्चिम भागात जमीन मुबलक होती आणि १८४१ च्या कायद्यानुसार वसाहत करणाऱ्याला ती एकरी सव्वा डॉलरने विकत घेता येत होती. तरीही हे लोक न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया येथील कोंदट वस्त्यांमध्ये, प्रसंगी तळघरांमध्ये राहिले. जर्मनीहून आलेले कितीतरी लोक शेतीकडे वळले, मग आयरिश का वळले नाहीत? ‘त्यांना शेतीचा वीट आला होता’ असे उत्तर अनेकदा दिले जाते, परंतु ते मला पटत नाही.

प्रतिसाद १ : हिशेबनीस

सव्वा डॉलर हा केवळ जमिनीचा भाव झाला. ऐंशी एकरांचे शंभर डॉलर मोजल्यावर बैल, नांगर, बियाणे, कुंपण आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य, हा सगळा खर्च उरतोच. बंदरावर उतरलेल्या मजुराला दिवसाला जेमतेम एक डॉलर मिळे आणि हिवाळ्यात तेही काम बंद पडे. नाममात्र शुल्कात १६० एकर देणारा होमस्टेड कायदा १८६२ साली आला, म्हणजे १८४७ च्या भयंकर वर्षी आलेल्या माणसाची तोवर पंधरा वर्षे शहरात गेली होती.

प्रतिसाद २ : माळरान

पैशाचा मुद्दा बरोबर आहे, पण ‘शेतकरी’ हा शब्दही येथे तपासून घ्यायला हवा. पश्चिम आयर्लंडमधील गरीब कूळ एक-दोन एकरांच्या, कधी त्याहूनही लहान तुकड्यावर बटाटा पिकवत असे आणि त्यासाठी त्याला नांगर लागत नसे. जमिनीवर शेणखत किंवा समुद्री शेवाळ पसरायचे, त्यावर बटाट्याचे बेणे मांडायचे, आणि दोन्ही बाजूंची माती लांब दांड्याच्या फावड्याने उलटवून त्यावर टाकायची, म्हणजे गादीवाफा तयार होई आणि बाजूच्या चरांतून पावसाचे पाणी निघून जाई. ओल्या, खडकाळ जमिनीसाठी ही पद्धत फार शहाणपणाची होती. मात्र अमेरिकेतील गवताळ मैदानात शेकडो वर्षांची घट्ट मुळे पोलादी फाळाने फोडावी लागत आणि तेथे तिचा काहीच उपयोग नव्हता. उलट कालवे, लोहमार्ग आणि शहरांतील खोदकाम यांसाठी फावड्याचा सराव असलेला हात हवाच होता, त्यामुळे हे लोक तिकडे ओढले गेले.

दुसरी गोष्ट शेजाराची. पश्चिमेकडील परगण्यांत घरे एकमेकांना चिकटून असत आणि अनेक कुटुंबे मिळून जमीन कसत. अमेरिकेत मात्र प्रत्येकाचे घर आपापल्या शेताच्या मधोमध, शेजारी कोसभर दूर आणि धर्मोपदेशक महिनोन्‌महिने न फिरकणारा. ज्यांना आयरिश भाषेखेरीज दुसरी भाषा धड येत नव्हती, त्यांना हे एकाकीपण किती जड गेले असते, याची कल्पना केली तरी वस्तीतल्या त्या दाटीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

शिवाय १८४७ च्या कायद्यान्वये पाव एकरापेक्षा अधिक जमीन बाळगणाऱ्याला सरकारी मदत नाकारली जात होती. मुलांना जगवण्यासाठी ज्यांनी जमीन सोडून दिली, त्यांना जमिनीचा आधार पुन्हा वाटला नसेल, तर त्याला ‘वीट’ म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद ३ : उत्तरायण

शेतीची इच्छाच नव्हती, हे कॅनडातील उदाहरणावरून खोटे ठरते. १८२५ साली पीटर रॉबिन्सन यांच्या देखरेखीखाली सुमारे दोन हजार लोक, बहुतेक कॉर्क परगण्यातले, सरकारी खर्चाने आजच्या ओंटारिओमध्ये नेण्यात आले. त्यांना जमीन, अवजारे आणि सुरुवातीच्या काळासाठी शिधा मिळाला. जंगल तोडून त्यांनी शेते उभी केली, आणि पीटरबरो या शहराचे नाव रॉबिन्सन यांच्यावरूनच पडले.

याच्या उलट, १८८० मध्ये बिशप जॉन आयर्लंड यांच्या पुढाकाराने पश्चिम आयर्लंडच्या किनाऱ्यावरील कॉनेमारा भागातील अत्यंत गरीब कुटुंबे मिनेसोटातील ग्रेसव्हिल येथे वसवली गेली. ती पोहोचली तेव्हा पेरणीचे दिवस सरत आले होते आणि हिवाळा विलक्षण कडक निघाला. अखेर त्यांना सेंट पॉल शहरात हलवावे लागले, आणि त्यांच्या वस्तीला लोक ‘कॉनेमारा पॅच’ म्हणू लागले. त्या काळी दोष त्यांच्या आळसावर ढकलला गेला. किनाऱ्यावर मासेमारी आणि बटाटा यांवर जगलेल्या माणसांना उघड्या मैदानात पहिल्याच हिवाळ्याला तोंड द्यावे लागले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सागरवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मात्र आतापर्यंतची चर्चा पुरुषांभोवतीच फिरली आहे. स्त्रियांचे काय?

प्रतिसाद ४ : ओवी

हा प्रश्न विचारलात हे फार बरे झाले, कारण माझ्या मते शहराचे खरे उत्तर तेथेच आहे. आयर्लंडमधून अविवाहित तरुणी मोठ्या संख्येने एकट्या येत आणि सुखवस्तू घरांत स्वयंपाकीण किंवा मोलकरीण म्हणून राहत. काम पहाटेपासून रात्रीपर्यंत असे आणि मालकिणी सर्रास सगळ्यांनाच ‘ब्रिजेट’ म्हणून हाक मारत, परंतु राहणे-जेवणे तेथेच असल्याने पगारातला मोठा वाटा शिल्लक राही. त्यातून आईवडिलांचा खंड भरला जाई आणि धाकट्या भावंडाचे जहाजाचे तिकीट आगाऊ काढून पाठवले जाई. असा रोख पगार दूरच्या शेतावर मिळाला नसता.

न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या आजही उपलब्ध आहेत. अनेक खातेदारांना सही करता येत नसे आणि नावे तर सारखीच असत, म्हणून ओळख पटवण्यासाठी कारकून प्रत्येकाची माहिती लिहून घेत असे : जन्मगाव, कोणत्या जहाजाने आणि केव्हा आले, आईवडिलांची नावे, भावंडे किती आणि ती कोठे आहेत. पैसे काढायला आलेल्या बाईला हेच प्रश्न पुन्हा विचारले जात आणि वहीतल्या नोंदीशी तिची उत्तरे जुळली, की रक्कम तिच्या हाती दिली जाई.