दहावीतला भाऊ घरी सगळं सांगतो आणि पेपरात ब्लँक होतो, मदत हवी आहे

लालबागची ताई:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. आम्ही लालबागला चाळीत राहतो, दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा, त्याचा अभ्यास तिथेच. बाबांची नाईट ड्युटी असते, ते दिवसा झोपतात म्हणून त्याला मोठ्याने वाचता येत नाही, आई सकाळी दोन घरी पोळ्या करायला जाते आणि मी लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, घरी यायला साडेसात-आठ होतात.

मागच्या आठवड्यात प्रिलिमचे पेपर हातात आले. अल्जेब्रा ४० पैकी ३१ आणि जॉमेट्री ४० पैकी १४. मी पेपर उघडून बघितला तर बेसिक प्रपोर्शनॅलिटी थिअरमची आकृती काढलीये, गिव्हन लिहिलंय, टू प्रूव्ह लिहिलंय आणि त्याच्या खाली कोरं. आणि हेच थिअरम त्याने आदल्या रात्री मला पोटमाळ्यावर बसून पुस्तक न बघता घडाघडा सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलंय! विचारलं तर म्हणाला, ताई पेपर हातात आला, शेजारचा मुलगा भराभर लिहायला लागला आणि माझं डोकं एकदम ब्लँक झालं, मग मी घड्याळच बघत बसलो.

अभ्यास करत नाही असं अजिबात नाहीये. रात्री दीड-दोनपर्यंत जागतो, पहाटे साडेपाचला पाणी येतं तेव्हा बादल्यांच्या आवाजाने जाग येतेच, म्हणजे झोप चार तास. पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलीये. पेपरच्या दिवशी सकाळी पोटात कळ येते, तीनतीनदा संडासला जातो आणि ती पण कॉमन, तिथे लाईन असली की अजून घाबरतो, आणि मग काही न खाताच निघतो. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे मार्क टाकतात ते बघून आला की तासभर बोलत नाही. गॅलरीतून येताजाता कोणीतरी विचारतंच, काय मग किती टक्के. आई पण त्याला सांगते की ताईला ८४ पडले होते, तिला तर क्लास पण नव्हता. मला ते ऐकून पोटात तुटतं हो, पण आईला कसं थांबवायचं कळत नाही, ती पण काळजीनेच बोलते.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी रात्री लाईट बंद केल्यावर तो हळूच म्हणाला, ताई, मी बोर्डाला बसलोच नाही तर काय होईल? मी म्हटलं काहीतरी बडबडू नकोस, झोप. तेव्हापासून मलाच झोप नाहीये. मी असं उडवून लावायला नको होतं.

बोर्डाला महिनाभरच राहिलाय. ब्लँक होणं थांबवायला काय करता येतं, ह्या वेळात अभ्यासाची पद्धत बदलावी का, आणि ते शनिवारचं वाक्य किती गंभीरपणे घ्यायचं? कोणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

गणितवाल्या बाई:

ताई, आधी पाणी पी. मी बावीस वर्षं दहावीला गणित शिकवलंय, असे मुलगे दर वर्षी बघितलेत.

पहिलं म्हणजे १४ म्हणजे नापास हे डोक्यातून काढा, त्याच्या आणि आईच्या पण. अल्जेब्रा आणि जॉमेट्री मिळून गणित हा एकच विषय धरतात, दोन लेखी पेपर ४०-४० चे आणि २० अंतर्गत, आणि पास व्हायला १०० पैकी ३५. त्याचे लेखीचेच ४५ झालेत. शिवाय टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सहापैकी सगळ्यात कमी मार्कांचा विषय धरतच नाहीत. हे त्याला बोलून दाखवू नकोस, कागदावर बेरीज करून दाखव, गणिताच्या मुलांना आकडा दिसला की पटतं.

आता पेपर. ज्याचं डोकं बंद पडतं त्याने थिअरमला आधी हात लावायचाच नाही. जॉमेट्रीत प्रश्न १ चे एकूण ८ मार्क, २ अ च्या ॲक्टिव्हिटीचे ४ आणि ३ अ च्या ॲक्टिव्हिटीचे ३, म्हणजे १५ मार्क पर्याय निवडण्यात, एकेका मार्काच्या छोट्या गणितात आणि रिकाम्या चौकटी भरण्यात आहेत. ते आधी लिहायचे. हात चालायला लागला, एक पान भरलं की मग डोकं पण उघडतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. त्यानंतर को-ऑर्डिनेट जॉमेट्री, डिस्टन्स फॉर्म्युला, सेक्शन फॉर्म्युला, जिथे आकडे घातले की उत्तर येतं ते. मग कन्स्ट्रक्शन. थिअरम शेवटी, आणि अर्धं आठवलं तर अर्धं लिहायचं, पायरीचे मार्क मिळतात, कोऱ्या जागेला कुठून देणार.

आणि तो हायलायटर काढून घे. रंगवलेलं ओळखीचं वाटतं, ओळखीचं म्हणजे आलं असं मुलांना वाटतं, तिथेच फसतात. तुला तोंडी सांगितलं तेही पुरेसं नाही कारण पेपर तोंडी नाहीये. पुस्तक मिटायचं, पाठकोऱ्या कागदावर आकृतीसकट पूर्ण लिहायचं, मग उघडून लाल पेनने स्वतःच तपासायचं. जे चुकलं तेच परत उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलंय की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात वेगाने विसरतं, म्हणून हे असं परतपरत काढावं लागतं.

परळचा पोरगा:

मी हाच मुलगा होतो. आता २६ वर्षांचा आहे, नोकरी करतो, पण दहावीच्या सायन्स भाग १ ला मी वीस मिनिटं नुसता मार्जिन आखत बसलो होतो.

मला नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की घाबरल्यावर शरीर पळायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोट ढवळतं आणि काळजीनेच डोक्यातली जागा भरून जाते, आठवलेलं धरून ठेवायला जागाच उरत नाही. म्हणजे पाठ केलेलं गेलेलं नसतं, शरीर शांत झालं की परत येतं. म्हणून पेपर संपवून गेटच्या बाहेर आलं की सगळं आठवतं ना, ते त्याच्यामुळे. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं कारण तोवर मी स्वतःला ढ समजत होतो.

बारावीला मी दोन गोष्टी केल्या. एक, श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा-सात मोजेपर्यंत हळूहळू बाहेर, पाच-सहा वेळा, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. पण हे पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही, रोज झोपताना करायचं म्हणजे अंगवळणी पडतं. दोन, खऱ्या वेळेला खरा पेपर. सकाळचं सत्र ११ चं असतं, साडेदहाला केंद्रावर हजर राहावं लागतं, तर सुट्टीच्या दिवशी बरोबर अकराला, पॅड, पेन, साधं घड्याळ, समोर जुना पेपर, दोन तास, मध्ये उठायचं नाही. घरात नाही, अनोळखी जागी, जिथे आजूबाजूला लोक असतील आणि कोणीतरी भराभर लिहीत असेल. आपल्याकडे मंडळांच्या अभ्यासिका आहेत तिथे जा. पहिल्या दोन पेपरला मी तिथे पण घाबरलो, चौथ्याला नाही. आता शेवटी १० मिनिटं जास्त पण मिळतात, ते त्याला सांगून ठेवा.

पोटासाठी, सकाळी मऊ भात-तूप किंवा दूध-पोळी, नेहमीचंच काहीतरी. उपाशी जाऊ देऊ नका. आणि तासभर आधी उठवा म्हणजे लाईनचं टेन्शन नको.

डोंबिवलीची आई:

क्लासच्या ग्रुपमधून आजच बाहेर काढा. सूचना तुमच्या फोनवर येऊ देत.

समुपदेशनात काम करणारी:

बाकी सगळ्यांनी छान सांगितलंय, मी फक्त शनिवारच्या वाक्याबद्दल बोलते.

ते गंभीरपणे घ्याच. घाबरून जाऊ नका, पण थांबू पण नका. त्याला बाहेर न्या, शेजारी चालत असताना विचारा, समोर बसवून नको. आणि सरळ विचारा की तुला जगूच नये असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. विचारल्याने तसला विचार डोक्यात घातला जातो ही भीती खूप जणांना असते पण तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटल्यासारखी बोलतात. त्याचं पूर्ण ऐका, मध्ये उपाय सांगू नका, अरे असं काही नसतं हे तर नकोच. उत्तर हो आलं किंवा तुम्हाला शंका आली तर त्याला एकटं ठेवू नका, आईबाबांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तुमच्या जवळ केईएम आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठी पण फोन करू शकता. चार तासांची झोप पण वाढवाच, दिवसभर वाचलेलं पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेत होतं आणि झोप कमी असली की भीती दुप्पट वाटते.

लालबागची ताई:

सगळ्यांचे खूप खूप आभार, चार दिवसांनी लिहितेय कारण हे सगळं करत होते.

रविवारी त्याला घेऊन दादर चौपाटीला गेले आणि चालता चालता सांगितलं तसं सरळ विचारलं. माझाच आवाज थरथरत होता. तो थांबला आणि म्हणाला नाही ताई तसं नाही, मरायचं वगैरे नाही. मग बराच वेळ काही बोलला नाही आणि एकदम रडला. बाबांनी क्लासची फी पतपेढीतून कर्ज काढून भरली हे त्याने आईच्या तोंडून ऐकलं होतं, आणि मार्क कमी आले तर ते पैसे पाण्यात जाणार म्हणून परीक्षेलाच बसू नये, कुठेतरी कामाला लागावं असं त्याने ठरवत आणलं होतं. पंधरा वर्षांचं पोर आणि एकटाच हे घेऊन झोपत होता पोटमाळ्यावर. घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी त्याला जवळ बसवून पतपेढीचं पासबुक दाखवलं, हप्ते जूनमध्ये संपतायत, बाकी काही बोलले नाहीत. तरी मी १४४१६ ला फोन केला, त्या बाई वीस मिनिटं बोलल्या, परवा त्याच्याशी पण बोलणार आहेत, तो हो म्हणालाय.

आईशी पण बोलले. ती आधी चिडली, मी काय वाईटासाठी बोलते का म्हणाली, पण त्याचा कोरा पेपर आणि बाईंची बेरीज दोन्ही समोर ठेवलं तेव्हा गप्प झाली. काल गॅलरीत कोणीतरी टक्क्यांचं विचारलं तर आईच म्हणाली, निकाल लागला की पेढे देऊ तेव्हा सांगू.

झोपायला साडेदहा ठरवलंय, दोन दिवस अकरा वाजले, ठीक आहे. आज सुट्टी होती म्हणून आमच्या इथल्या मंडळाच्या अभ्यासिकेत अकराला जॉमेट्रीचा पेपर सोडवला, बाईंनी सांगितल्या क्रमाने. ४० पैकी २३, मी मॉडेल आन्सर समोर ठेवून तपासलंय त्यामुळे एकदोन इकडेतिकडे असतील. मध्ये एकदा ब्लँक झाला, पेन खाली ठेवलं, श्वास घेतले, आणि परत लिहायला लागला असं त्यानेच सांगितलं. थिअरम अजून अर्धंच आलंय.

बाई, एक विचारायचं होतं, घरातले जुने पेपर संपले. सेमीचे मागच्या वर्षांचे गणित आणि सायन्सचे बोर्डाचे पेपर कोणाकडे असतील तर मी येऊन घेऊन जाईन, झेरॉक्स काढून परत देईन.

गणितवाल्या बाई:

माझ्याकडे गठ्ठा आहे. शनिवारी संध्याकाळी सहाला दादरला येशील का, वेस्टला तिकीट खिडकीपाशी. परत द्यायची घाई नाही. आणि त्याने आज लिहिलेला पेपर पण घेऊन ये, मी बघते थिअरम कुठल्या पायरीला अडतंय ते.