मदत हवी आहे : सॅन स्टॉर्म गाड्यांची नोंद

नमस्कार मंडळी. गोव्यात मोजक्याच बनलेल्या सॅन स्टॉर्म या स्पोर्ट्स कारची मी एक्सेलमध्ये नोंद करतोय : चेसिस नंबर, रंग, बुकिंगची तारीख, पहिलं पासिंग. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. अशी गाडी आपल्या शेजारी बनली, तिचा हिशोब राहायलाच हवा.

अडचण अशी की गोव्याची किंवा एमएच-०९ ची (कोल्हापूर पासिंगची) गाडी बेळगावात येऊन तिचा नंबर केए-२२ झाला, की तीच दोनदा मोजली जाते. म्हणून आता चेसिस नंबरच धरतोय. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडे कुणाकडे गाडी, जुनं आरसी बुक किंवा बुकिंगची पावती आहे का? चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, तेवढा कळवा. मालकाचं नाव नको. रद्द झालेली बुकिंगं वेगळ्या रकान्यात ठेवू का?